बाईंच्या पाठीवरची थाप

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती रात्री घडवली असती.

अमावास्या घातली असती, कुत्री रडवली असती, ऐन वेळी लाइट घालवली असती. पण हे घडलं एका बुधवारी, भर दुपारी, रणरणत्या उन्हात, समोरच्या रस्त्यावर माणसांची ये-जा चालू असताना. घडलं माझ्या मामांच्या बाबतीत. मला सांगितलं ते त्यांच्याकडे काम करणाऱ्या रेडिओ नावाच्या माणसाने. आणि रेडिओला जे कळलं नव्हतं, ते त्याला मामांनी स्वतः सांगितलं होतं. एकदाच.

मी मामांना विचारलं, तेव्हा ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. उठून नळावर गेले आणि हात धुवायला लागले.

तेवढ्यावरून मी काय ते समजलो.

मामांचा धंदा शिसं वितळवायचा. जुने पाइप, केबलची आवरणं, लिफ्टची वजनं, बोटींच्या तळाचे ठोकळे असा अवजड भंगार माल यायचा. तो तोडायचा, कढईत वितळवायचा, साच्यात ओतून विटा पाडायच्या आणि विकायच्या. पत्र्याची शेड, मधोमध जाड लोखंडी कढई, खाली बर्नर, बाजूला साच्यांची रांग. हाताखाली एकच माणूस. साठीकडे झुकलेला, पण तोंड बंद ठेवायची सवय जन्मात लागली नाही, म्हणून रेडिओ.

या धंद्यात एक गोष्ट झोपेतही कोणी विसरत नाही. मोठा तुकडा कढईत सोडण्याआधी ठोकून बघायचा. भरीव शिसं वाजत नाही. धान्याच्या पोत्यावर मारल्यासारखा नुसता ढप्प आवाज येतो. आवाज वेगळा आला तर आत पोकळी आहे, आणि पोकळीत पावसाचं पाणी साचलेलं असू शकतं. वितळलेल्या शिशात पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि अख्खी कढई तोंडावर येते. म्हणून लाकडी हातोडा घ्यायचा, ठोकायचं, कान द्यायचा, आणि मगच पुढचं.

त्या बुधवारी ट्रकमधून जे उतरलं, ते ठोकायचं कसं हाच प्रश्न होता.

ती डॉक्टरीणबाई होती.

म्हणजे त्यांचा पुतळा. जुन्या प्रसूतिगृहाच्या दारात उभा असायचा तो. अंगात डॉक्टरी कोट, उजवा हात जरा पुढे आलेला, चेहऱ्यावर 'पुढची कोण?' असा भाव. अर्धं गाव या बाईंच्या हातावर जन्मलं. मामा त्यांच्याच हातचे. रेडिओही. आणि पुतळ्याबरोबर ट्रकमधून उतरलेले पुतळा समितीचे सेक्रेटरीसुद्धा. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. प्रसूतिगृह पाडलं, तिथे मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. नव्या नकाशात बाईंना जागा निघाली नाही. पार्किंगला निघाली.

"हा तर ब्राँझचा ना?" मामांनी विचारलं. "मग माझ्याकडे कसा?"

सेक्रेटरींनी आधी रस्त्याकडे बघून घेतलं. "जरा खरवडून बघा."

मामांनी कोटाच्या कडेला सुरी फिरवली. रंगाखाली करडी चकाकी निघाली. नख रुतेल इतकी मऊ.

"अरेच्चा!" रेडिओ म्हणाला. "ब्राँझच्या नावाने वर्गणी काढली होती की! माझ्या बापाने दिलेली."

"सगळ्यांच्याच बापांनी दिलेली," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणून तर म्हणतो, आजच वितळवून टाका. लोकांनी बघितलं तर बरं दिसणार नाही."

विटांची ऑर्डर होती तीही त्याच हॉस्पिटलची, एक्स-रे विभागात किरण अडवणाऱ्या भिंतीसाठी. म्हणजे बाई दारातून निघून भिंतीत जाणार होत्या. मामांना हे पटलं नाही. पण न पटलेली कामं माणूस करत नाही असं थोडंच आहे?

त्यात मामांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांची मुलगी, आमची ताई, सकाळपासून त्याच हॉस्पिटलात होती. दिवस भरले होते. याआधीचं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर ताई वर्षभर कोणाशी धड बोलली नव्हती. या वेळी सगळं घर मुठीत जीव धरून बसलेलं. मामाही तिथेच होते, पण मामींनी त्यांना हाकललं.

"येरझारा घालून फरशी झिजवू नका. कामावर जा. काही झालं की फोन करते."

म्हणून मामा कामावर होते. फोन वरच्या खिशात. एक कान तिकडे.

तोडायला सुरुवात झाली. मामांनी आधी बाईंच्या डोक्यावर गोणपाट घातलं.

"थंडी वाजतेय का बाईंना?" रेडिओ म्हणाला.

"गप करवत चालव."

रेडिओने करवत चालवली, पण गप काही बसला नाही. सेक्रेटरी खुर्ची टाकून सावलीत बसले, पाठ पुतळ्याकडे करून. कढई तापली. तळाला आधीचं थोडं शिसं होतं, ते वितळून आरशासारखं चकाकायला लागलं.

पहिला तुकडा निघाला. खांद्यापासूनचा दंड.

मामांनी सवयीने हातोडा उचलला… आणि तसाच धरून उभे राहिले.

ज्या बाईने आपल्याला जगात आणलं, तिला हातोड्याने ठोकायचं? जनाची नाही तर मनाची लाज असते माणसाला. मामांनी हातोडा खाली ठेवला. हातमोजा काढला. आणि उघड्या तळव्याने हलकेच एक थाप मारली.

ढप्प.

भरीव.

आणि मग…

एक बारीक रडणं.

अगदी बारीक. चिरकं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं असतं तसं.

मामांनी मागे बघितलं. रस्त्यावर एक सायकलवाला चालला होता. बाळ कुठेच नव्हतं.

"रेडिओ, काही ऐकलंस?"

"मी बोलत होतो मालक. मला कसं ऐकू येणार?"

हे खरंच होतं.

दंड साखळीला लावून कढईवर नेला, काठावर जरा तापवला. रडणं चालूच होतं. तुकडा खाली गेला तसं ते खाली गेलं. वर शिसं मिटलं…

आणि आवाज बंद.

दुसरा तुकडा. पुन्हा तळव्याची थाप. पुन्हा रडणं, पण हे दुसरंच. जरा घोगरं, हट्टी. तिसऱ्याचं तिसरंच. दर तुकड्यात वेगळं बाळ. कढईत गेलं की गप्प.

हातोडा घेतला असता तर? मामांनी एका तुकड्यावर घेऊनही बघितला. नुसतं ढप्प. बाकी काही नाही. मग तळवा लावला…

रडलं.

तेव्हा मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई काय करायच्या? मूल हातात आलं, रडलं नाही, तर पाठीवर तळव्याची एक थाप. या गावातल्या कितीतरी जणांच्या पाठीवर पडलेली पहिली थाप तीच.

आदर म्हणून हातोडा टाकला, आणि नेमकं तेच करून बसलो.

आता कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मामाही थांबले असते. पण सेक्रेटरी खुर्ची वळवून त्यांच्याकडे बघत होते.

"काय हो, अडलं काय?"

काय सांगणार? घाबरलो म्हणाले असते तर लोक चार दिवस हसले असते आणि विसरले असते. पण शिशात बाळं रडतायत असं सांगितलं असतं, तर ताईशेजारचीच खाट मिळाली असती.

"काही नाही," मामा म्हणाले. "घाम पुसत होतो."

पुढचा तुकडा कोटाच्या घेराचा. मामांनी डोळे मिटून थाप मारली.

ढप्प…

रडणं आलं. मधेच उचकी. पुन्हा रडणं. पुन्हा उचकी.

मामांनी डोळे उघडले. त्यांची आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, 'आमचा हा जन्मला तो उचक्या देत रडत. बाईसुद्धा हसल्या.' तिच्या तोंडून ते रडणं त्यांनी शंभरदा ऐकलं होतं.

आता ते प्रत्यक्ष ऐकत होते.

"मालक, सोडू ना?" साखळीवर रेडिओ.

सेक्रेटरींनी घड्याळात बघितलं.

"…सोड," मामा म्हणाले.

शिसं मिटलं. उचकी अर्धीच राहिली.

रेडिओ म्हणतो, त्या वेळी मालकांचा चेहरा असा झाला की त्याला वाटलं, आता हे आडवे होणार. पण ते वाकले आणि पळीने वरची मळी काढायला लागले. आपल्याला काही झालंच नाही असं दाखवायला कामासारखी दुसरी सोय नाही.

शेवटी मोठा तुकडा राहिला. छाती आणि पाठ मिळून एकच. रेडिओने त्याला साखळी बांधायला घेतली.

आणि खिशातला फोन वाजला.

"अहो…" मामी. मागे धावपळ, कोणीतरी काहीतरी मागतंय, लोखंडी ट्रे आपटल्याचा आवाज. "अहो, मुलगी झाली."

"ताई?"

"ती बरी आहे. पण अहो… रडत नाहीये."

"कोण?"

"बाळ! बाळ रडत नाहीये! नळी घातली, चोळतायत, सगळे गोळा झालेत… निळी पडलीय हो ती. ताई मला विचारतेय, आवाज का येत नाही… मी काय सांगू तिला?"

मामांनी कढईकडे बघितलं. शिसं शांत होतं. आरशासारखं.

किती रडणी त्यांनी त्यात सोडली होती?

ते धावले. रेडिओला बाजूला ढकललं. बाईंच्या पाठीवर थाप मारली.

ढप्प.

काही नाही.

पुन्हा मारली. पुन्हा. तळवा लाल झाला. नुसतं शिसं. मुकं, थंड, भरीव.

"अहो, ऐकताय ना?" फोनमधून मामी. "बोला ना काहीतरी!"

आणि मग मामांनी ते केलं, ज्याची लाज वाटून त्यांनी सगळी दुपार घालवली होती. सेक्रेटरींच्या देखत. रस्त्यावर थांबून बघणाऱ्या चार लोकांच्या देखत. गुडघ्यांवर बसले, कपाळ त्या तुकड्याला टेकवलं आणि मोठ्याने बोलले.

"बाई… मी ऐकत होतो. सगळं ऐकत होतो. लाजेपायी गप्प बसलो. माझं जे करायचं ते करा. पण त्या पोरीला एकदा… एकच…"

"यांना उन्हाचं झालंय," सेक्रेटरी उठत म्हणाले. "पाणी आणा रे कोणी."

मामांनी हात उचलला. पण थाप मारली नाही. त्यांचा हात हवेतच होता.

तरीही…

ढप्प.

आतून.

आणि रडणं फुटलं. केवढं! लांबलचक, खणखणीत, रागावलेलं. त्याच क्षणी फोनमधूनही तेच. त्याच सुरात, त्याच दमात. तुकड्यातलं कुठलं आणि फोनमधलं कुठलं, हे मामांना आजही सांगता येत नाही.

"रडली! अहो, रडली!" मामी स्वतःच रडत होत्या.

रेडिओच्या हातातून साखळी सुटली. जन्मात पहिल्यांदा तो काहीच बोलला नाही. त्याने ऐकलं होतं.

सेक्रेटरींनीही ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक. पण समितीचा माणूस तो.

"मांजर असेल," ते म्हणाले, आणि चालायला लागले. ट्रक तिथेच राहिला.

हळूहळू तुकड्यातलं रडणं थांबलं. फोनमधलं चालू होतं.

बर्नर बंद झाला. तो तुकडा कढईत गेला नाही. शेडच्या मागे ताडपत्रीखाली आहे अजून. त्याला आता कोणी हात लावत नाही. गावात पुतळ्याचं काय झालं हे कोणीही विचारलं नाही. जाता-येता लोक शेडकडे बघतात, आणि मग पायाखाली बघतात.

मामा संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. शिशाचा हात लहान मुलाला लागू नये, मामींचा दंडकच तो. पुसले, पुन्हा धुतले. खोलीत बाळ आकांत करत होतं. ताई हसत होती. किती दिवसांनी.

"घ्या बाबा."

मामांनी बाळाला हातात घेतलं.

ते गप्प झालं.

झोपलं नाही. डोळे उघडेच. नुसतं गप्प. रडता रडता मधेच… वर काहीतरी मिटल्यासारखं.

"बघा!" मामी म्हणाल्या. "आजोबांचा हात लागला आणि कसं शांत झालं लेकरू!"

आज पोर चालायला लागली आहे. अजूनही तसंच. पडली, लागलं, भोकाड पसरलं, की घरातले सगळे म्हणतात, आजोबांकडे द्या, लगेच थांबते. शेजारच्या बायकासुद्धा मामांचं कौतुक करतात. मामा मान खाली घालून ऐकून घेतात. ते कौतुक त्यांना सोसत नाही.

मी स्वतः पाहिलं आहे. पोर त्यांच्या हातात येते. गप्प होते. ओठ उघडे, आवाज नाही. मामा घाईघाईने तिला परत ताईकडे देतात आणि तसेच उभे राहतात…

ती पुन्हा रडेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला असतो.