गणपतीच्या सोंगातला साक्षीदार

देवळाच्या ओवरीत त्रिंबकबुवा पालथे पडले होते. डोकं फुटलेलं. कीर्तनातल्या चिपळ्या कुणीतरी पायाखाली चेचलेल्या. बाहेर सोंगांची, देवादिकांच्या मोठ्या मुखवट्यांची, मिरवणूक ऐन रंगात होती. हलगी थांबायलाच पाच मिनिटं गेली.

फौजदार ऋतुजा केजहून बंदोबस्ताला आली होती. धनेगडचा किल्ला आणि दसऱ्यानंतरची ही सोंगं ती आज पहिल्यांदाच पाहत होती. बुवांचा श्वास चालू होता. त्यांना रुग्णवाहिकेत घालून ती वळली, तोवर गावानं गुन्हेगार धरूनही ठेवला होता. ऊसतोडीला जाणारा मुंजाजी. त्याच्याच उपरण्यानं त्याचे हात बांधले होते.

"हाच कशावरून?"

"परवा भर कीर्तनात बुवांनी ह्याच्या पोरीचं लगीन मोडलं," गर्दीतून उत्तर आलं. "तेरा वर्षांचं लेकरू बोहल्यावर चढवता आन् वर टाळ्या वाजवून नाव देवाचं घेता, म्हणले. त्योच राग."

"म्या तर बुवांच्या पाया पडलतो, म्याडम," मुंजाजी पुटपुटला.

"पाया पडला का डोक्यात हाणलं बे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

दोघं-तिघं हसले.

"हसलं कोण?" ऋतुजानं विचारलं. कुणीच हसलं नव्हतं.

साक्षीदार एकच होता: प्रविण, मुंजाजीच्या टोळीचा मुकादम. मिरवणुकीतला गणपती तोच, असं सारे सांगत होते.

"हे झालं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"सोंगात. दीड घंटा. सारा गाव साक्षी हाय."

"सोंगातला चेहरा कुणी पाहिला?"

"बघत नसत्यात, म्याडम. दार लावून सोंग बांधायचं, उतरंपर्यंत मुकं राहायचं. रीत हाय."

"मुंजाजी कुठं दिसला?"

"ओवरीतनं पळताना. निळा सदरा, हातात दांडकं."

"किती लांबून?"

"पन्नास पावलं असंल. गणपतीच्या डोळ्यांतनं साफ दिसतंय. आठ वर्सं नाचतोय मी."

मुंजाजीचा सदरा निळाच होता. पण ऋतुजानं मिरवणुकीत गणपती पाहिला होता. दोन माणसांनी हात धरलेले, आणि तो पायानं चाचपत चाललेला.

सोंगं घडवणारी ताराबाई गणपतीचं तोंड मांडीवर घेऊन बसली होती. ते जमिनीला टेकवत नसत.

"किती वर्षांचं हे?"

"जुन्याला वाळवी लागली, बाई. सर्वपित्रीला पाण्यात सोडलं. ह्ये नवं. आज सकाळी वाळलं, तशीच फडक्यात गुंडाळून मुकादमाच्या घरी देऊन आले."

"मी घालून बघू?"

"बूट काढ आधी."

ऋतुजानं बूट काढले, हात जोडले, सोंग डोक्यावर चढवलं. आत कागद चिकटवलेल्या मेथीच्या खळीचा वास आणि मिट्ट अंधार. बाहेरून काळीभोर दिसणारी बुबुळं नुसती रंगवलेली होती. सोंडेखाली बोटभर फट. त्यातून तिला फक्त स्वतःच्या पायांची बोटं दिसली.

तिनं सोंग उतरवलं तेव्हा तिचा चेहरा आतल्या उकाड्यानं लालबुंद झाला होता.

"मुकादम, आता तुम्ही घाला."

"आता कशाला?"

"घाला म्हणते ना."

त्यानं घातलं. तिनं हात वर केला.

"किती बोटं?"

सोंग गप्प. सगळ्या गर्दीला तीन बोटं दिसत होती.

"जुन्या गणपतीच्या डोळ्यांना भोकं असतील. ह्याला नाहीत," ऋतुजा म्हणाली. "दीड तास ह्यात नाचला असता, तर हे सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळलं असतं. तुम्ही हे आज पहिल्यांदा घालताय. मग मिरवणुकीत आत कोण होतं?"

मागून टोळीतला अभिमन्यू पुढं आला. मान खाली.

"मी. मुकादमानं माझ्या डोक्यावर बांधलं. न्हाई म्हणलास तर टोळीत घेत न्हाई, म्हणला. कावून ते सांगितलं न्हाई."

"आणि परत आल्यावर?"

"मी दाराआड उतरवलं. त्यो हातात घिऊन बाहेर आला."

प्रविणनं सोंग काढलं. ताराबाईनं ते त्याच्या हातून ओढून घेतलं.

"ती सोयरीक कुणी आणली होती, मुंजाजी?"

"मुकादमानंच. मला त्याच्या तोंडावर न्हाई म्हणता येईना. म्हणून म्याच बुवांना म्हणलो, तुमी कीर्तनात बोला."

"मुकादम नवरा-बायकोची जोडी नेतो," ऋतुजा म्हणाली. "जोडीला म्हणतात एक कोयता. मुंजाजीच्या पोरीचं, राजनंदिनीचं लग्न लागलं की मुकादमाचा एक कोयता वाढणार होता. बुवा आडवे आले, म्हणून त्यांचं डोकं फोडलं. बाप तुरुंगात गेला की पोरीसाठी नाही म्हणणारं घरात कुणी उरत नव्हतं."

गर्दी प्रविणवर धावली. ऋतुजा मध्ये उभी राहिली.

"हात खाली. परवा कीर्तनाला तुम्हीच बसला होता. त्याआधी लग्नाच्या अक्षता किती घरांत आल्या होत्या? नको म्हणून परत कुणी पाठवल्या?"

कीर्तनातून उठलेला माणूस घरी जाताना आतून थोडा तरी ओला असावा. इथं तीनशे माणसं कोरडी उभी होती.

तिनं मुंजाजीचे हात सोडले, जबाबाची वही उघडली.

"पोरीचं वय?"

"तेरा."

"मोठ्यानं."

"तेरा."

"आता तुम्ही सांगा," ती गर्दीला म्हणाली आणि पेन धरून थांबली.



"तेरा," ताराबाई म्हणाली. मग मागून एक जण म्हणाला. मग आणखी एक.