एकच मत

शनिवारचा बाजार, रिमझिम पाऊस, आणि वाऱ्याने माझा ‘हो म्हणा’ असं लिहिलेला फलक उचलला तो थेट एका काळ्या गाडीच्या काचेवर नेऊन चिकटवला. गाडी कचकन थांबली. आतून एक उंच मुलगा उतरला आणि फलक ओढून काढता काढता पुटपुटला, “काय कटकट आहे यार...”

मराठी! जर्मनीत, बॉबलिंगेनजवळच्या आमच्या एवढ्याशा शहरात!

“कटकट नाही, प्रचार म्हणतात त्याला,” मी म्हटलं.

तो दचकला, मग हसला. गालाला खळी पडते मेल्याच्या... हे मला तेव्हाच दिसलं. नको होतं दिसायला.

आमच्याकडे मतदान होतं. प्रश्न एकच. टेकडीवरच्या आमच्या वस्तीपर्यंत ट्राम आणायला आणि तोवर संध्याकाळची बस चालू ठेवायला शहराने कर्ज काढावं का? हो की नाही? ‘नाही’ जिंकलं तर जानेवारीपासून सातनंतर बस बंद. बाकीच्यांना काय, दारात गाड्या! मला मात्र जन्मापासून अंधार पडला की दिसत नाही. लायसन्स मिळायचंच नाही, आणि ऑफिस सुटतं आठला. म्हणजे एक तर घर सोडा, नाहीतर जन्मभर लोकांच्या मागच्या सीटवर बसा. दोन्ही मला मान्य नव्हतं. माझा नागरिकत्वाचा अर्ज अजून अडकलेला, त्यामुळे मतही नव्हतं. नसू दे. तोंड तर होतं!

“मी वेदांग. पेट्रोलची इंजिनं बनवतो,” तो म्हणाला. “यंदाच जर्मन पासपोर्ट मिळालाय. पहिलंच मत, आणि ते ‘नाही’ला जाणार.”

“का हो?”

“आल्झो... म्हणजे असं बघा, पेट्रोलवर लिटरमागे एवढा टॅक्स भरतो मी. तो जातो बर्लिनला, केंद्र सरकारकडे. आणि वर हे कर्ज आमच्या डोक्यावर?”

“टॅक्स भरलात म्हणजे रस्ता विकत घेतलात का? बसही त्याच रस्त्याने जाते.”

“रिकामी जाते.”

“कधी आत बसून बघितलंय?”

त्याने फलकावरचं पाणी झटकलं. मग फलक माझ्या हातात देत म्हणाला, “पुढच्या शनिवारी उत्तर घेऊन येतो.”

“या. तोवर फलक घट्ट बांधून ठेवते.”

आला की! दर शनिवारी आला, दोन कॉफ्या घेऊन. कर्जाच्या व्याजावरून भांडलो, पार्किंगच्या दरावरून भांडलो. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं कळलंच नाही. शुक्रवारी रात्री मी मुद्दे काढायला बसायची आणि आरशात केस बघत राहायची. माझी मलाच लाज वाटायची.

मग इथल्या मराठी मंडळाची दिवाळी आली. कोण कुणाच्या गाडीत बसणार, हे आमच्याकडे शुभदाकाकू ठरवतात. मी दर वेळी कुणाच्या तरी मागच्या सीटवर, मांडीवर चिवड्याचा डबा. या खेपेला काकूंनी मला वेदांगच्या गाडीत टाकलं, आणि निरोपाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “कशाला पडतेस गं त्या कर्जाबिर्जाच्या भानगडीत? आपण इथे पाहुणे. एक गाडीवाला नवरा कर, प्रश्न मिटला!”

सगळे हसले. वेदांगसुद्धा.

बाहेर दिवेलागण झाली होती. गाडीत मी विचारलं, “तू का हसलास?”

“काकूंचं अगदीच काही चूक नाही...” तो जरा अडखळला. “मी असताना तुला बस कशाला हवी? मी सोडेन ना. रोज. म्हणजे... जन्मभर.”

मागणीच होती ती! काळीज एकदम उडी मारून वर आलं. आणि लगेच असा राग आला, असा राग आला...

“गाडी थांबव.”

“तनया, मी—”

“मला नवरा हवा असला तर नवरा म्हणून हवा. ड्रायव्हर म्हणून नको! तू दमलास, चिडलास, गावाला गेलास, की मी काय तुझ्या किल्लीची वाट बघत बसू?”

समोरच दिव्याखाली बसथांबा होता. मी उतरले. बस आली आणि मी मागच्या सीटवर बसून घर येईपर्यंत रडले. फार आवडत होता तो मला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही.

मतदानाच्या रविवारी, संध्याकाळी, नगरपालिकेच्या सभागृहात पडद्यावर आकडे आले. आम्ही हरलो. थोडक्यात, पण हरलो. मी फलक गुंडाळला आणि बाहेर आले. पायऱ्यांवर दिव्याखाली वेदांग उभा होता, नखशिखांत भिजलेला.

“गाडी कुठंय?”

“घरी. बसने आलो.” त्याने केसांतलं पाणी झटकलं. “मी ‘हो’ला मत दिलं, तनया.”

“माझ्यावर मेहरबानी?”

“तुझ्यासाठी दिलं असतं तर हाकललं असतंस मला. तू उतरलीस ना, त्यानंतर रोज बसनेच जातोय. डायलिसिसहून येणाऱ्या आजी भेटतात, बेकरीतली पोरगी भेटते. एकदा बस चुकली, तासभर पावसात उभा होतो. इतका संताप आला! मग कळलं, तू का उतरलीस.” तो थांबला. “काकूंच्या बोलण्यावर हसायला नको होतं मी. पण... हरलो ना आपण.”

आपण. आपण म्हणाला तो.

“आता नियमाने तीन वर्षं तरी पुन्हा मतदान नाही, विषय बंद,” मी म्हटलं. “तेव्हा मलाही मत असेल. आणि मी घर सोडणार नाहीये, सांगून ठेवते. जानेवारीपासून टेकडीखालच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून वर चढत येईन. टॉर्च घेऊन.”

“मी येऊ सोबत? ...पायी.”

“काय म्हणून?”

“ते तू ठरव. या मतदानात मत एकटीलाच आहे, तुला. हो की नाही?”

पाऊस वाढला. मी चांगला वेळ घेतला. एवढी वाट बघू दे त्याला.

“हो,” मी म्हटलं. “पण अंधारात तू माझा हात धरायचा नाही. तुझा हात मी धरेन.”

त्याने कोपर पुढे केलं. मी ते घट्ट धरलं. आमची बस आली, दार उघडून थांबली, आणि ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. मी मानेनेच ‘जा’ म्हटलं, आणि आम्ही टेकडी चढायला लागलो.