इश्वरभाऊची हजेरी

भूतखेत मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या वरठीच्या घरात असलं काही बोललो, तर आई विमलाबाई पायातली काढेल. "दिसलं ते आधी तपास, मंग घाबर," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, माझा धंदाच तपासायचा. तेव्हा जे झालं ते तसंच सांगतो. मधे हसू नका, बस.

मे महिना होता. सकाळी रीना मॅडमचा फोन आला. मुख्य कार्यालयात बसून नदीवरच्या बंधाऱ्याची गेटं त्या रिमोटवरून उघडतात. "अश्वजित, रात्री रिमोटचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि बपेऱ्याकडच्या गेटचं टर्मिनल वाचताच येत नाहीये. सगळे चौकोन चौकोन. दोन वाजता पाणी सोडायचं आहे, खालच्या गावांच्या विहिरी आटल्यात. त्याआधी करून द्या."

फॉन्टचा लोचा, अर्ध्या तासाचं काम. डोक्याला दुपट्टा बांधला, फटफटी काढली. तुमसर ओलांडून बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वारा पडला होता. एक पाखरू ओरडत नव्हतं. खाली नदी म्हणजे नुसती पांढरी रेती, तिच्यात टरबूज-काकडीच्या वाड्या. आमच्याकडे त्याला डांगरवाडी म्हणतात. उन्हाळाभर लोक त्या रेतीतच राहतात, वेलांपाशी मांडव घालून.

गेटच्या खोलीत धनंजय ड्युटीवर होता. चांगला पोरगा, पण त्या दिवशी खुर्ची सोडून दारात उभा.

"आत काहून नाही बसत गा?"

"कूलर बंद हाय, भाऊ," तो म्हणाला. आणि मग हळूच, "वास येते आतमंदी."

वास खरंच होता. ओल्या रेतीचा, शेवाळाचा. खोलीत पाण्याचा थेंब नाही, बाहेर पंचेचाळीस डिग्री. म्हटलं कूलरचं गवत सडलं असेल, आणि बसलो कामाला.

अपडेटनं टर्मिनलचा फॉन्ट बदलून टाकला होता. मराठीचा साधा फॉन्ट लावला, चौकोन गेले. पाण्याची पातळी, गेटाचे नंबर, सगळं लख्ख. मॅडमला फोन केला, "झालं."

"छान. मग दोनला गेट उघडते. खाली कोणी नाही ना, धनंजयला विचारा."

"भोंगा तीनदा वाजवला," धनंजय दारातूनच बोलला. "यादीतल्या साऱ्याइले फोन केले. सारे वर आले."

मी पेनड्राइव्ह खिशात टाकणार, तेवढ्यात दिसलं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या लहान खिडकीत चौकोन तसेच होते. चार ओळी. बघता बघता पाचवी आली. एक चौकोन, थांबला. दुसरा, थांबला. एका बोटानं टाइप करणारा माणूस असतो ना, तसं.

"धनंजय, ही खिडकी कोण वापरते?"

तो दारातून आणखी मागं सरला. खिडकी मला माहीत होती, विचारलं उगाच. ती इश्वरभाऊची.

इश्वरभाऊ इथला जुना गेटवाला. पाच वर्षांपूर्वी हे मशीन मीच बसवलं, आणि त्याला एका बोटानं टायपिंग मीच शिकवलं. नवा कीबोर्ड काही जमेना, म्हणून लग्नपत्रिकेच्या दुकानातला जुना फॉन्ट त्या खिडकीला बसवून दिला होता. पाणी सोडायच्या आधी तो डांगरवाडीची हजेरी घ्यायचा. बंधाऱ्यावरच्या पुलावर उभं राहून एकेकाला नावानं हाक मारायची. माणूस काठ चढून आला की खिडकीत त्याच्या नावापुढं 'वर' लिहायचं. एका जरी नावापुढं 'खाली' असेल, तर साहेबाचा बाप आला तरी गेट उघडायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात कोणाला तरी आणायला तो स्वतः खाली गेला, आणि पाणी आलं. गेट कसं उघडलं त्याची चौकशी अजून चालू आहे. इश्वरभाऊचं काहीच सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही. मला तेव्हा फार लागलं होतं. आजही लागतं.

तो फॉन्ट पेनड्राइव्हमध्ये होता. तेवढ्या खिडकीला लावला. चौकोनांची अक्षरं झाली.

धुरपता वर.
रुपा वर.
डोमा वर.
भुपेंद्र वर.
चंद्रभागाबाई खाली.

"ही चंद्रभागाबाई कोण?"

धनंजयचा चेहरा पांढरा पडला. "बुढी हाय. पर तिची वाडी नाही न यंदा... यादीत नावच नाही तिचं..."

दोनला दहा कमी. मॅडमला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. मी नेटची केबल ओढली, खिशात कोंबली, आणि आम्ही दोघं खाली रेतीत पळालो.

रेती तव्यासारखी तापलेली. तिसऱ्या वाडीच्या पुढं एक मोडका मांडव, त्याच्या सावलीत म्हातारी गाढ झोपलेली, उशाला बांबूंची मोळी. गेल्या वर्षीच्या मांडवाचे बांबू न्यायला आली होती. कानानं ऐकू येत नाही, तिला भोंगा काय अन् फोन काय! धनंजयनं तिला पाठीवर घेतलं. काठ चढून वर आलो तेव्हा, खरं सांगतो, मला रडू येत होतं.

म्हातारीला झाडाखाली बसवून पाणी पाजलं आणि खोलीत आलो. वास वाढला होता. केबल माझ्या खिशात, मशीनला बाहेरून काही जोडलेलं नाही. आणि खिडकीत नवीन ओळी होत्या.

चंद्रभागाबाई वर.
धनंजय वर.
अश्वजित वर.
इश्वर खाली.

फोन वाजला. रीना मॅडम भडकल्या होत्या, कनेक्शन का तोडलं म्हणून. मी म्हातारीचं सांगितलं. त्यांचा आवाज उतरला. म्हणाल्या, "बरं झालं. आता जोडा. लोक पाण्यासाठी थांबलेत."

मी खिशातून केबल काढली. धनंजयनं माझा हात धरला. "नोका जोडू, भाऊ. माणूस खाली हाय."

"कोणता माणूस? गेला तो बाप्पा, वर्ष झालं!"

"ओळ तं हाय न..."

मला राग आला. त्याचा नाही, माझाच, कारण माझाही हात थांबला होता. म्हटलं, "हाक मारून येतो. मंग तं झालं समाधान?"

"मेलेल्याले नावानं हाक नाही मारत, भाऊ. ऐका माहं..."

ऐकलं असतं तर! मी पुलावर गेलो. भर उन्हात, रिकाम्या नदीकडे तोंड करून तीनदा ओरडलो, "इश्वरभाऊ, वर या होऽ!" तिसऱ्या हाकेचा आवाज रेतीवरून परत आला. थोडा उशिरानंच आला. मी वळून खोलीत गेलो. ओळ तशीच होती. केबल जोडली, गेट उठलं, पाणी गेलं. बुढी वाचली, ह्याच आनंदात मी घरी आलो. आईला सांगितलं, ती हसली.

हे झाल्याला आठ दिवस. आज दुपारी जेवत होतो, धनंजयचा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही.

"भाऊ... सकाळी ओळ बदलली. इश्वर वर, असं आलं."

"मंग चांगलं झालं न," मी म्हटलं. घास हातातच राहिला.

"मी पाणी प्याले बाहेर आलो होतो. आता दार आतून बंद हाय. आत कोणी नाही, भाऊ... अन् कीबोर्ड वाजून राहिला."

मी ऐकलं. फोनमधूनही ऐकू येत होतं. एक टक, मग थांबणं. पुन्हा एक टक. एका बोटाचं.

"तुमीच बोलावलं न त्याले," धनंजय म्हणाला. "आता तुमीच या."