इरासीची मांजर

अदाउतोच्या घरी मांजर होती, पण ती दूध पीत नसे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या त्या टेकडीवर चोरून घेतलेल्या विजेच्या तारेला मांजर म्हणतात. ती खांबावरून निघे, शेजारच्या नीनीबाईच्या पत्र्यावरून सरपटत येई आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरे. पाऊस ओसरला की इरासी नवऱ्याला म्हणे, "मांजरीला बघून ये रे." म्हणजे तार सुटली नाही ना, ते बघ.

मांजर हौसेने आणलेली नव्हती. इरासीला यंत्रातून प्राणवायू घ्यावा लागे. यंत्र अखंड घरघरे आणि वीज खाई. अदाउतोच्या, निवृत्त बसचालकाच्या, पेन्शनीत ते बसेना. बिलं थकली, कंपनीने जोडणी तोडली. इरासीचा श्वास थांबवून तर चालणार नव्हतं.

मार्चमध्ये तो थांबलाच. दवाखान्याची माणसं यंत्र घेऊन गेली. ते जिथे असे, तिथल्या फरशीचा रंग वेगळा दिसत राहिला.

मग अदाउतोने कंपनीशी समझोता केला. थकबाकी पेन्शनीतून हप्त्याने कापायची, नवं मीटर लावायचं. अट एकच. मांजर सापडली तर समझोता रद्द आणि घर अंधारात. त्याने स्वतः पक्कड घेऊन तार तोडली. ती पत्र्यावर पडली तेव्हा त्याला वाटलं, आपण इरासीच्या नाकातली नळीच कापली.

"मेली का मांजर?" नीनीबाईने खालून विचारलं.

"मारली."

"बरं झालं. आता दोन घास खा. गालफडं बघ तुझी, कुत्रंसुद्धा हुंगणार नाही." तिने मक्याच्या वाफवलेल्या रव्याची, कुसकुसची, ताटली कठड्यावर सरकवली.

मागच्या खोलीला त्याने नवी जोडणी घेतलीच नाही. तिथे आता कोण बसणार होतं?

एका दुपारी इरासीची शाल आणायला तो आत गेला, तर भिंतीवरचा दिवा लागलेला होता.

मिणमिणता. आधी त्याला वाटलं, काचेवर ऊन पडलंय. त्याने बटण दाबून पाहिलं, काही फरक पडला नाही. दिवा सावकाश वाढत होता, थबकत होता, उतरत होता. ती लय त्याने ओळखली. कित्येक वर्षं त्या श्वासाच्या शेजारी तो झोपला होता.

"इरा?" तो म्हणाला.

दिवा क्षणभर स्थिर झाला. मग पुन्हा वाढू लागला.

कुणाला सांगायची गोष्ट नव्हती. तो रोज कॉफी पिऊन तिथे खुर्ची टाकून बसू लागला. तिच्याशी बोले. बाहेर उकाडा असला तरी त्याचे पाय गार पडत. विजार सैल झाली म्हणून त्याने कमरेला दोरी बांधली. नीनीबाई रोज ताटली भरून देई आणि रोज शिव्या घाली.

जूनमध्ये कंपनीचा तपासनीस आला. वाल्दीर त्याचं नाव. जाडा, घामाघूम, हसरा.

"काका, घरात मांजर?"

"मेली."

"सात जीव असतात तिला. म्हणून तर आमची चूल पेटते." हसता हसता तो थांबला. मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून उजेड येत होता.

अदाउतो दारासमोर उभा राहिला. "तिथे माझी बायको असायची."

"सरका, काका."

वाल्दीरने घराचं मुख्य बटण पाडलं. फ्रिज गप्प झाला. मागचा दिवा तसाच.

"तुमच्या वयाकडे बघून नीट विचारतो. दुसरी तार कुठंय?"

"नाही."

"मग मी काय लिहू? पवित्र आत्म्याने लावला?"

तो नीनीबाईच्या पत्र्यावर चढला. तारेचं तुटकं टोक गंजून पडलं होतं. परत आला तेव्हा तो हसत नव्हता. स्टुलावर चढून त्याने विद्युतप्रवाह मोजायचा चिमटा दिव्याच्या तारेभोवती लावला. शून्य. मग त्याने ती तार दिव्याच्या मुळाशी कापली.

दिवा जळत राहिला.

वाल्दीरच्या हातून चिमटा निसटला. अदाउतोने तो झेलला, आणि चिमट्याचा जबडा त्याच्या मनगटाभोवती मिटला.

चिमट्याच्या काचेवर आकडा उमटला. दिवा वाढला की तो वाढे. दिवा उतरला की उतरे.

"काका, काढा ते."

अदाउतो आकड्याकडे पाहत राहिला.

वाल्दीरने त्याचा हात ओढला. "हात बर्फ झालाय तुमचा. बाहेर चला. मी काही लिहीत नाही, पण चला."

"समझोता?"

"कायम आहे तुमचा समझोता! तार नाही, मांजर नाही. चला आता!"

अदाउतोने चिमटा सोडवून त्याच्या हातात दिला. खुर्ची दिव्याखाली ओढली आणि बसला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तिला अंधुक उजेड आवडायचा नाही. हा थोडा वाढवायचा असेल, तर काय करावं लागतं?"

वाल्दीरचे बूट पायऱ्या उतरत पळाले.

अदाउतोने श्वास सोडला. दिवा वाढला.

पुढचा श्वास घ्यायची त्याने घाई केली नाही.