धुरपदाबाईची जट

सकाळच्या गाडीनं परभणीहून आलेले मुकुल सर चुडाव्याच्या स्टेशनवर उतरले, तेव्हा अवकाळी पावसाची भुरभुर सुरू होती. ते पत्र्याखाली थांबले. थांबले ते थांबले, पण तोंड गप्प राहील तर ते सर कसले! समोरून एक बाई जोगवा मागत येत होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर कुंकू आणि पाठीवर मनगटाएवढी जाड जट. गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे हे सर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी मुलीला म्हणाले, "बघा! केस विंचरायचा कंटाळा, आणि नाव देवीचं!"

"ती माझी आई हाय," मुलगी म्हणाली.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "मी... म्हणजे मला..."

"ऱ्हाऊ द्या. माझाबी जटंवर इस्वास न्हाई." त्या मुलीनं, पंकजानं, हसू दाबलं. "पण तुमचं तोंड बघून आज देवीला मानावं वाटायलंय."

पंकजा पूर्णेला औषधांच्या दुकानात कामाला जायची. रोज सरांची गाडी यायची आणि तिची सुटायची, मधली दहा मिनिटं दोघांची. कधी भिजलेल्या ओढणीचं टोक पिळताना ती हळूच वर बघायची, आणि सर नेमके तेव्हाच घड्याळ बघत असल्याचं सोंग करायचे.

"सर, देव मानत न्हाई, मग नशीब तरी मानता का?"

"गाडी लेट झाली की मानतो."

वर्षभरात गोष्ट लग्नापर्यंत आली. मुकुलच्या घरच्यांनी आढेवेढे घेत होकार दिला, पण एक अट घातली. मांडवात पाहुण्यांसमोर ती जट नको.

पंकजानं भीतभीतच आईला विचारलं. धुरपदाबाईचा हात पाठीवरच्या जटेकडं गेला. नवरा उसाच्या फडावर वारला, तेव्हा याच गावानं तिला हळदीकुंकवातून उठवलं होतं. मग जट आली. देवीच्या नावानं तिचं कुंकू तिला परत मिळालं, आणि उठवणाऱ्याच बाया तिच्या पाया पडू लागल्या.

"मी मांडवाच्या भाईर उभी ऱ्हाईन बाई," ती म्हणाली. "लांबून अक्षता टाकीन. पण जट न्हाई द्यायची."

पंकजानं हे मुकुलला सांगितलं, आणि सांगता सांगता रडली. जटेच्या ओझ्यानं आईची मान दुखते, डोक्यात उवा होतात, आपल्याला ते बघवत नाही, हेही बोलून गेली. तो ऐकत राहिला.

होळीनंतर धुरपदाबाई तापानं फणफणली. रविवारी दुपारी मुकुल भेटायला आला.

"जरा बसा आईपाशी," पंकजा म्हणाली. "मी गोळ्या घेऊन येते."

ती परतली तेव्हा आई गाढ झोपेत होती. खाली वर्तमानपत्रावर जट पडली होती. मुकुलच्या हातात कात्री होती, आणि चेहऱ्यावर बक्षीस आणल्यासारखा आनंद.

"बघ! काही झालं? कोपली देवी? आता आईंना मांडवात सगळ्यांच्या पुढं बसवू..."

खोटं कशाला सांगू, पंकजाला क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणाची लाज मात्र तिला कायमची चिकटली. कारण तेवढ्यात धुरपदाबाईनं कूस बदलली. झोपेतच तिचा हात मानेमागं गेला, चाचपला, पुन्हा चाचपला, आणि तिचे डोळे उघडले. तिनं पदर ओढून डोकं झाकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

ताप उतरला, पण बाई उठेना. जोगव्याचा मंगळवार आला, परडी खुंटीवरच राहिली. शेजारची सरजाबाई दारातून डोकावली आणि पाया न पडताच मागं फिरली.

चार दिवसांनी मुकुल आला. पार खचला होता बिचारा. त्यानं हात जोडले.

"आई, चुकलो मी. तुमच्या भल्यासाठीच..."

"सर," धुरपदाबाई पदराआडून म्हणाली, "तुमाला देव न्हाई, हे मला पैल्या दिवसापून ठावं होतं. मी कधी तुमाला धरून, बळंच कपाळाला कुंकू लावलं का?"

मुकुल मान खाली घालून अंगणात आला. पंकजा मागोमाग आली.

"तुझा तर विश्वासच नाही ना यावर?" त्यानं काकुळतीनं विचारलं.

"न्हाई. आजबी न्हाई. पण डोस्कं तिचं हाय."

"पंकजा... माझं प्रेम आहे गं तुझ्यावर."

"माझंबी हाय. लय हाय." ओढणीचं टोक तिनं मुठीत पिळलं. "म्हणून तर भ्या वाटायलंय. उद्या माझी एखादी गोष्ट तुमाला खुळी वाटली... तर मी झोपायची वाट बघाल का?"

मुकुल चपला घालून स्टेशनच्या वाटेला लागला. तिला हाक मारावीशी वाटली. जीव तुटत होता, पण तिनं मारली नाही.

दुसऱ्या दिवशी पंकजा आईला गोदावरीवर घेऊन गेली. आई म्हणाली म्हणून अनवाणी गेली. धुरपदाबाई गुडघाभर पाण्यात उतरली, हळदीकुंकू वाहून तिनं कापलेली जट पाण्यात सोडली आणि देवीची क्षमा मागत हुंदके देऊ लागली. काठावरच्या बायांनी हात जोडले. पंकजानं जोडले नाहीत. थरथरणाऱ्या आईला धरायला तिला दोन्ही हात लागत होते.