चार बोटं उघडं लोखंड

भंगाराच्या आवारात तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीच्या पोटात डोकं खुपसून उभा होता. ती आली होती एक साधा स्विच शोधायला. पण त्याच्या हातातला कटर वायरींच्या जुडग्यावर टेकलेला दिसला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ओळख ना पाळख, तिनं सरळ जाऊन त्याचं मनगट धरलं.

"थांबा. हे कापलंत तर इंजिन नेऊन काय करणार?"

"इंजिनच काढायचंय... वायरी आड येताहेत."

"आड येत नाहीत. त्यांच्याशिवाय ते इंजिन म्हणजे नुसता धोंडा. एकेक सोडवायची, चिठ्ठी बांधायची, मगच काढायची."

त्यानं कटर खाली ठेवला. तिनं धरलेल्या मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ठेवलाय," तो म्हणाला, "आता हात सोडलात तरी पळून जाणार नाही."

चटका बसल्यासारखा तिनं हात सोडला. पुढं दुपारभर दोघं वायरी सोडवत बसली. स्विच राहूनच गेला. घरी तिनं विसरले म्हणून सांगितलं.

तो रंगारी होता. दारं-खिडक्या, दुकानांच्या पाट्या, मिळेल ते रंगवायचा. इंजिन हवं होतं वडिलांच्या ट्रकसाठी. गोल नाकाचा, ऐसपैस मडगार्डांचा जुना ट्रक. वडिलांनी तो चाळीस वर्षं चालवला होता. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय गेला. क्लच दाबायचा तो डाव्याच पायानं. दुसरा झटका येऊ शकतो, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हाताऱ्याची इच्छा एकच होती — आपला ट्रक आपल्या हातानं एकदा टेकडीवर न्यायचा आणि खाली आणायचा. म्हणून हा सगळा खटाटोप: जुन्या ट्रकात नवं इंजिन आणि क्लच नसलेला, आपोआप चालणारा गिअरबॉक्स.

काम अर्थातच तिच्या दादाच्या गॅरेजमध्ये आलं. तिथं लोखंड दादाचं आणि वायरिंग तिचं, अशी वाटणी होती. म्हातारबाबा एकदा स्वतः बघायला आले. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्यांनी दुसऱ्याचं सामान सरकवावं तसा बाजूला ठेवला आणि विचारलं, क्लच नाही, गिअर आपोआप पडणार, मग ड्रायव्हरनं करायचं काय? ती म्हणाली, "स्टिअरिंग धरायचं काका, आणि ऐटीत बसायचं." ऐट आपल्याला जमते, असं ते म्हणाले आणि खरंच ऐटीत बसून राहिले.

रंगारी रोज काम आटोपून संध्याकाळी यायचा. चिठ्ठ्या त्याच्या वळणदार अक्षरात होत्या — 'इंधन', 'उष्णता', 'दुसरा गिअर'. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ही कसली ठाऊक नाही, पण जांभळा रंग तुम्हाला शोभेल.' ती चिठ्ठी तिनं ट्रकला लावलीच नाही. पर्समध्ये ठेवली.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," एकदा ती न बघताच म्हणाली.

"अक्षरच?"

"बाकीचं अजून तपासलेलं नाही..."

"तपासा की. मीटर आहेच तुमच्या हातात."

अशी त्यांची बोलणी. दादा गाडीखालून मुद्दाम खोकायचा, आणि तिचे कान तापायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

इंजिन बसलं, सुरूही झालं. पण गाडीचे दिवे लावले रे लावले की गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकायचा आणि लाल दिवा पेटायचा. तिनं सेन्सर बदलले. एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काढून दुसऱ्या गाडीत घालून पाहिला, तो धडधाकट निघाला. बारा दिवस गेले. तिनं अक्षरशः हात टेकले. रंगारी मात्र धीर द्यायचा. टॉर्च धरून बसायचा, आणि उजेड पुष्कळदा वायरींवर नसायचाच.

तेराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, तिला दोष सापडला.

बॅटरीतून निघालेली वीज परत जाते ती चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडातून. म्हणून तिनं चेसीवर चार बोटं जागा घासून चकचकीत केली होती आणि इंजिनची अर्थिंगची वायर तिथं आवळली होती. मंगळवारी तिनं तो बोल्ट खोलला, तर खाली काळाभोर रंग. दोन हात, सुरेख, एक ओघळ नाही. दादाचं गॅरेज बंद असताना एका रविवारी त्यानं सगळी चेसी रंगवली होती. उघडं लोखंड बघून त्याला राहवलं नसणार. वायर काढून, रंग देऊन, ती त्यानं जशीच्या तशी परत आवळली होती. दिवे लागले की विजेला परतीची वाट पुरत नव्हती, एवढंच.

ती एकटीच हसत बसली. असा राग यावा आणि असं प्रेम यावं... दोन्ही एकदम. पॉलिश पेपरचे चार हात मारले की काम संपलं. आणि काम संपलं की ट्रक गेला, आणि संध्याकाळचं त्याचं येणंही गेलं. आजवर त्यानं काही विचारलं नव्हतं. तिनंही काही सांगितलं नव्हतं.

तिनं बोल्ट परत रंगावरच आवळला.

तो आला. "काही सापडलं?"

"अजून नाही," ती म्हणाली.

तीनच दिवस, तिनं मनाशी ठरवलं. आठ महिने थांबलेल्या माणसाला तीन दिवसांनी काय होतंय? त्या तीन संध्याकाळी ती डॅशबोर्डखाली आडवी पडून मोजलेलंच पुन्हा मोजत राहिली आणि तो टॉर्च धरून शेजारी बसला. बुधवारी त्याची बोटं तिच्या बोटांवर आली आणि तिथंच राहिली. गुरुवारी तो म्हणाला, "हा दोष सापडूच नये असं वाटायला लागलंय... बाबांनी ऐकलं तर जोड्यानं मारतील." ती हसली. आयुष्यात इतकी सुखी ती कधी झाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिनं रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, वायर आवळली. दिवे लावून चार चकरा मारल्या. गिअर लोण्यासारखे पडले. तिनं त्याला फोन लावला. तो उचलत नव्हता. दहाव्या वेळी तिनं नाद सोडला, आणि दुपारी दादा बाहेरून आला तो टोपी काढूनच. म्हातारबाबा सकाळी गेले होते. चहाचा कप हातात असतानाच.

रंगारी आला तो आठवड्यानं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ट्रकच्या नाकावर हात ठेवून तो उभा राहिला आणि म्हणाला, "तू काय कमी झटलीस? बाबांच्या नशिबात नव्हतं. मला आता घरात एकट्याला बसवत नाही गं... तू माझ्याबरोबर राहशील का, कायमची?"

हेच ऐकायला तिनं तीन दिवस चोरले होते. 'हो' तिच्या ओठांवर आलं होतं.

"शेवटी दोष होता तरी कुठं?" त्यानं सहज विचारलं.

काहीतरी सांगता आलं असतं. सेन्सर, खटका, काहीही. पण वायरिंगच्या कामात ती कधी खोटं बोलली नव्हती, त्या तीन दिवसांखेरीज. तिनं चेसीकडे बोट दाखवलं. काळ्या रंगात चार बोटं उघडं लोखंड.

त्यानं पाहिलं. समजायला त्याला क्षणभर लागला, आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... माझ्या रंगामुळं? मी... मीच त्यांना..." तो मडगार्डला धरून खाली बसला. आता हा माणूस जन्मभर असाच बसेल, हे तिला दिसलं.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्यामुळं नाही. मला मंगळवारीच सापडला होता."

"मंगळवारी?"

"दुपारी. बुधवारी काका गाडी चालवू शकले असते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू यायचा थांबला असतास म्हणून."

त्याचा आवाज चढला असता, हात उगारला असता, तरी तिला बरं वाटलं असतं. तो उठला.

"बुधवारी बाबा बूट घालून पायरीवर बसले होते," तो म्हणाला. "रात्री मी इथून परत जाईपर्यंत. अजून सापडलं नाही म्हणून सांगून मीच त्यांचे बूट काढले... ते म्हणाले, पोरीला घाई करू नकोस."

त्यानं हात पुढं केला. तिनं किल्ली दिली. बोटाला बोट लागणार नाही, इतकं जपून त्यानं ती घेतली.

ट्रक फाटकातून बाहेर पडला. ती होती तिथंच उभी राहून ऐकत राहिली. पहिला गिअर सुटला, दुसरा पडला, मग रस्त्याच्या वळणापाशी तिसरा. कुठं धक्का नाही, कुठं अडखळणं नाही.

"काय काम केलंस," दादा गाडीखालून म्हणाला, "गिअर पडलेला कळतसुद्धा नाही."

"हो," ती म्हणाली, आणि चौथा ऐकू येतो का ते बघत राहिली.