भोकाचा पैसा

माझा नवरा सुमंत जुनी नाणी जमवायचा याचा मला राग नव्हता. राग होता तो नंतर सुरू झालेल्या प्रकाराचा. नाणं मुठीत धरायचं, डोळे मिटायचे आणि ते कुणाकुणाच्या हातून गेलं ते सांगायचं. सांगलीतल्या आमच्या बैठकीत माणसं जमू लागली. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्याच विद्यार्थ्यांच्या, माझ्या मुलीच्या मैत्रिणींच्या आया चपला काढून आत येऊन बसायच्या. मी चहा करायचं बंद केलं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात जतच्या बाजारातून त्यानं एक भोकाचा पैसा आणला. तांब्याचा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. धोंडुबाई नावाच्या मेंढपाळ म्हातारीनं तो स्वतःच्या गळ्यातून काढून त्याला दिला होता, फुकट.

तो हातात धरल्यापासून सुमंत चिडू लागला. आधी आमटीवर, मग आल्यागेल्यावर. लोक यायचे थांबले. पुढं तो जतकडच्या कानडी बोलीत शिव्या देऊ लागला. त्याला कानडीचा शब्द येत नव्हता. आवाजही त्याचा नव्हता; रानात मेंढरं हाकून घोगरा झालेला. अंगाला ओल्या लोकरीचा वास यायचा. नाटकं बंद कर म्हटलं, तर त्यानं ताट भिंतीवर फेकलं.

एका शनिवारी तो एकदम गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मी पैसा उचलला आणि जतची एसटी धरली.

बाजारात विचारत घर शोधलं, तेव्हा धोंडुबाई दारात नातीला भरवत होती. माझ्या हातातला दोरा तिनं लांबूनच ओळखला.

"आवं, परत कशाला आणलासा?"

"काय दिलंत तुम्ही माझ्या नवऱ्याला?"

"माज्या मालकाचा हाय त्यो. ते गेल्यावर मी घातला. लय राग यायचा मला. आता झोप लागती."

"घ्या तुमचा तुम्हाला." मी पैसा तिच्यापुढं टाकला.

तिनं हात लावला नाही. नातीला मागं ओढलं.

"शिव्या देत्यात का अजून?"

"नाही. कालपासून शांत आहेत. आज सकाळी तर मुलीच्या वेण्या घातल्या."

"ह्याआदी कवा घालायचे?"

"कधीच नाही."

म्हातारी उठली.

"पोरगी कुनापाशी हाय आत्ता?"

"त्यांच्याचजवळ."

"माजे मालक असे गप झाले की पोरीच्या येन्या घालायचे." नातीला कडेवर घेऊन आत गेली आणि तिनं आतून कडी लावली.